तूर का उबळते? ‘आशा’ वाणाचा जीनोम आणि त्याआधीची शंभर वर्षं



मागच्या येळवशीला आम्ही सगळे मुरुमला शेतात होतो. ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, कोपीत पांडव, आंबील, बाजरीचे उंडे आणि भज्जी. (पुण्या-मुंबईच्या मंडळींनी भज्जी म्हटल्यावर कांदाभजी डोळ्यांपुढं आणू नये. ही हिरव्या तुरीचे दाणे, ओला हरभरा, वाल आणि हाताला लागेल ती भाजी घालून शिजवलेली असते.)

तर जेवणं झाली आणि काका म्हणाले, “चल, तुला एक दाखवतो.” सोयाबीन कधीच निघालं होतं, रानात फक्त तुरीची तासं उभी होती. शेंगा भरलेल्या, काढणीला आलेल्या. आणि मधेच एक पट्टा, जेमतेम दहा-बारा पावलांचा, पार वाळून गेलेला. पानं झाडालाच लटकलेली, शेंगा पोचट. काकांनी एक झाड उपटलं आणि विळ्यानं खोड उभं चिरलं. आत पांढऱ्या लाकडात काळपट रेघ, मुळापासून वर गेलेली. “उबळली,” ते म्हणाले. “दर साली हितंच उबळती. हळूहळू पसरती.”

माझा चुलतभाऊ मोबाइलमधून मान वर करून म्हणाला, “याचं काही डीएनए-बिएनए काढलं नाही का कुणी?”

काढलंय ना. २०११ सालीच काढलंय. तुरीचा अख्खा जीनोम वाचून झालाय, आणि काकांच्या रानातल्या त्या काळ्या रेघेमागं जी बुरशी आहे, तिचाही. मग तूर अजून का उबळते? आजचा भाग याच प्रश्नावर आहे. आणि त्यासाठी आपल्याला २०११ च्या शंभर वर्षं मागं जावं लागेल.

बिहारमध्ये पुसा नावाचं गाव आहे. १९०५ साली इंग्रज सरकारनं तिथं शेती संशोधनाची मोठी संस्था काढली. तिथं एडविन जॉन बटलर नावाचा आयरिश माणूस पिकांवरच्या बुरशींचा अभ्यास करायचा. १९०६ च्या सुमारास त्यानं तुरीच्या मर रोगाकडं लक्ष दिलं. त्या काळी लोकांना वाटायचं की पाणी कमी पडलं, जमीन खराब झाली, म्हणून झाड मेलं. बटलरनं दाखवलं की जमिनीतली एक बुरशी मुळातून आत शिरते आणि खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांमध्ये पसरते. नळ्या बंद पडल्या की झाड भर ओल्या रानातही तहानेनं मरतं. १९१० मध्ये त्यानं तिला फ्युजेरियम उडम हे नाव दिलं. आजही तेच नाव आहे.

या बुरशीची खोड अशी की पीक निघून गेलं तरी ती जात नाही. तुरीच्या धसकटांत आणि मुळांच्या तुकड्यांत ती कित्येक वर्षं जमिनीत पडून राहते. काकांचं “दर साली हितंच” म्हणणं म्हणजे बटलरचा शोधच, फक्त मुरुमच्या भाषेत. औषध फवारून ती जात नाही, कारण ती असते जमिनीत आणि खोडाच्या आत. मग उपाय एकच उरतो: न मरणारी तूर शोधायची.

आता नकाशा उघडा. मुरुम उमरगा तालुक्यात, आणि कर्नाटकची हद्द अगदी शेजारी. पलीकडं कलबुर्गी जिल्हा, कर्नाटकातलं तुरीचं सगळ्यात मोठं आगर. १९५६ पर्यंत ही हद्द नव्हतीच. आपलं मुरुम, कलबुर्गी, जालन्याजवळचं बदनापूर आणि हैदराबादजवळचं पटानचेरू, ही चारही गावं एकाच हैदराबाद राज्यात होती. गंमत म्हणजे आजच्या गोष्टीतली बरीचशी पात्रं याच चार ठिकाणची आहेत. उमरग्यावरून जाणारा सोलापूर-हैदराबाद हायवे धरला आणि सरळ पूर्वेला गेलात, तर हैदराबादच्या थोडं अलीकडं पटानचेरू लागतं. तिथं १९७२ मध्ये इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. कोरडवाहू पिकांसाठीची. ज्वारी, बाजरी, हरभरा, भुईमूग आणि तूर.

तिथं यशवंत लक्ष्मण नेने नावाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ आले. नाव ऐकल्यासारखं वाटलं नसेल, आणि याचं मला जरा वाईट वाटतं. त्याआधी पंतनगरला असताना भाताचा ‘खैरा’ रोग हा रोग नसून जस्ताची कमतरता आहे, हे त्यांनी शोधलं होतं. जस्त टाकलं की पीक हिरवं. किती लोकांचं पोट त्यावर भरलं असेल! इक्रिसॅटमध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडधान्यांच्या रोगांवर काम उभं केलं, आणि त्या कामाचा कणा होता ‘सिक प्लॉट’. म्हणजे मुद्दाम आजारी केलेलं शेत. आपण ज्या रानाला शिव्या घालतो तसं रान जाणूनबुजून तयार करायचं. मेलेली तुरीची झाडं त्यातच गाडायची, बुरशी वाढू द्यायची, आणि मग देशभरातून आणलेलं बियाणं तिथं पेरायचं. जे मेलं ते मेलं. जे उभं राहिलं त्याचं बी धरायचं, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच आजारी मातीत. पुन्हा. पुन्हा. यात कुठंही डीएनए नाही. लागते ती नजर, वही, आणि सात-आठ वर्षं वाट बघायची तयारी.

यातून १९८० च्या दशकात एक तूर बाहेर आली. तिचा नंबर आयसीपी ८८६३, आणि कर्नाटकनं तिला नाव दिलं ‘मारुती’. ती महाराष्ट्रातल्याच एका गावठी तुरीतून निवडलेली होती. कलबुर्गी भागात मारुती इतकी पसरली की तूर म्हणजे मारुती असं झालं. बियाण्याला राज्याची हद्द कळत नाही, त्यामुळं पाहुण्यारावळ्यांच्या पिशवीतून वाण इकडं यायला काही सरकारी शिफारस लागत नाही.

पण मारुतीची एक बाजू उघडी होती. तुरीला दुसरा एक रोग आहे, वांझ रोग. हा विषाणूचा. डोळ्यांना न दिसणारा एक कोळी तो पसरवतो. यात झाड मरत नाही. उलट हिरवंगार राहतं, पानं बारीक आणि पिवळट चट्ट्यांची होतात, आणि फुलं येतच नाहीत. शेतकऱ्याला शेवटपर्यंत आशा लागून राहते आणि शेंग एक नाही. मारुती मर रोगाला भारी, पण वांझ रोगापुढं पार आडवी. इतकी की संशोधक आजही वांझ रोगाच्या चाचणीत ‘हमखास बळी पडणारा वाण’ म्हणून तिलाच लावतात.

म्हणून दोन्ही रोगांना पुरून उरणारी तूर हवी होती. पटानचेरूतून १९९३ मध्ये आयसीपीएल ८७११९ आली, नाव ‘आशा’. इकडं बदनापूरच्या संशोधन केंद्रातून बीएसएमआर ७३६ ही लाल आणि बीएसएमआर ८५३ ही पांढरी तूर आली. कृषी दुकानात ही नावं तुम्ही ऐकली असतील. त्यातलं ‘बीएस’ बिएस काय आहे माहितीय? बदनापूर, स्टरिलिटी मोझॅक रेझिस्टंट. म्हणजे वांझ रोगाला दाद न देणारी बदनापूरची तूर. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचं वरण या चार इंग्रजी अक्षरांवर शिजलंय.

आणि आता येतो जीनोम.

२०११ मध्ये एक नाही, दोन टीम तुरीच्या मागं लागल्या होत्या. एक दिल्लीतली, राष्ट्रीय वनस्पती जैवतंत्रज्ञान संशोधन केंद्राची, प्रमुख नागेंद्र कुमार सिंह. दुसरी इक्रिसॅटची, प्रमुख राजीव वार्ष्णेय, सोबत चीनमधली बीजीआय ही संस्था आणि इतर देशांतले लोक. दोघांनीही वाण निवडला तो ‘आशा’. दिल्लीच्या टीमचा मसुदा त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या आसपास बाहेर आला आणि इक्रिसॅटचा नोव्हेंबरमध्ये. चढाओढ होती का? बाहेरून तरी तसंच दिसतं. आणि एक योगायोग मला फार आवडतो. १९३४ च्या भूकंपात बिहारमधली ती पुसाची संस्था मोडकळीला आली, म्हणून ती दिल्लीला हलवली, आणि दिल्लीच्या त्या आवाराला नावही पुसाच पडलं. दिल्लीच्या टीमनं तुरीचा जीनोम वाचला तो याच आवारात. बटलरची संस्था, पत्ता बदललेला, तूर तीच.

जीनोम वाचणं म्हणजे नेमकं काय? समजा एका पोथीच्या शेकडो प्रती आहेत. त्या सगळ्या आपण कडबाकुट्टीत घातल्या. आता ढिगात शंभर-शंभर अक्षरांचे तुकडे आहेत. एका तुकड्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीशी जुळतो का बघत बघत पूर्ण पोथी पुन्हा लावायची. प्रती अनेक का लागतात? कारण प्रत्येक प्रत वेगळ्या जागी कापली जाते, म्हणूनच तुकडे एकमेकांवर चढतात आणि जोड सापडतो. तुरीची पोथी साधारण ८३ कोटी अक्षरांची, ११ गुणसूत्रांच्या जोड्यांत वाटलेली. इक्रिसॅटच्या टीमनं ती लावण्यासाठी २३,७२० कोटी अक्षरांचे तुकडे वाचले. एवढं करून जुळली किती? साडेसाठ कोटी, म्हणजे सुमारे ७३ टक्के. बाकीची का नाही? कारण पोथीत पालुपद फार. तीच ओळ हजारो ठिकाणी. एक तुकडा हातात आला तर तो नेमका कुठल्या पानावरचा, हे सांगताच येत नाही. तुरीच्या जीनोमचा जवळपास निम्मा भाग असा पुनरुक्तीचा आहे.

त्यातून ४८,६८० जनुकांचा अंदाज आला. दिल्लीच्या टीमचा आकडा होता ४७,००४, आणि त्यांनी रोगप्रतिकाराशी संबंध असावा अशी १,२१३ जनुकं वेगळी काढली. सोयाबीनचा जीनोम आदल्याच वर्षी, २०१० मध्ये आला होता. पण सोयाबीन म्हणजे अमेरिकेचं लाडकं पीक, त्यामागं पैसा होता. तूर गरिबाचं पीक, बहुतेक भारतात पिकणारं आणि भारतातच खाल्लं जाणारं. तिचा नंबर इतक्या लवकर लागला, ही खरंच मोठी गोष्ट होती.

तेव्हाच्या बातम्यांचा सूर मात्र असा होता की आता उत्पादन वाढलंच, डाळ स्वस्त झालीच. आपल्याकडं यासाठी म्हण आहे, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. म्हण तुरीचीच निघाली, त्याला मी काय करू!

पोथी लावली म्हणजे अर्थ कळला असं होत नाही. मर रोगाला अडवणारं जनुक त्या ४८ हजारांत कुठलं, यासाठी पुन्हा त्याच आजारी शेतात जावं लागलं. इक्रिसॅटच्या लोकांनी रोगाला टिकणारी आणि बळी पडणारी अशा दोन तुरींचा संकर केला. त्यांची पुढची पिढी सिक प्लॉटमध्ये पेरली. जी मेली त्यांच्या डीएनएचा एक गठ्ठा, जी जगली त्यांचा दुसरा. दोन्ही वाचले आणि आशाच्या पोथीशी ताडून बघितले. जिथं जगलेल्यांमध्ये एक अक्षर आणि मेलेल्यांमध्ये दुसरं, ती जागा संशयाची. २०१६ मध्ये त्यांनी मर आणि वांझ रोगासाठी अशी मोजकी जनुकं पुढं ठेवली. याचा उपयोग काय? रोपटं चार पानांचं असताना पान तोडून तपासता येतं, सात-आठ वर्षांची निवड कमी वर्षांत होते. पण बघा, मशीन कितीही भारी असलं तरी कुठली झाडं मेली आणि कुठली जगली, हे सांगायला मेलेल्या तुरीनं भरलेली माती लागलीच.

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते २०१७ च्या कामानं. मे महिन्यात ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये २९२ तुरींचे जीनोम एकत्र छापून आले. त्यात सुधारित वाण होते, गावठी तुरी होत्या आणि मोजक्या रानतुरीही. तूर मूळची कुठली, हा जुना वाद होता. आफ्रिकेची म्हणणारेही होते. व्हॅन डर मेसेन या डच वनस्पतिशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात भारताच्या बाजूनं पुरावे मांडले, कारण तुरीची सगळ्यात जवळची रानटी बहीण, कजानस कजानीफोलियस, बस्तर-ओडिशाच्या पट्ट्यात सापडते. जीनोमनंही भारताकडंच बोट दाखवलं, आणि त्यातही मध्य प्रदेशाकडं. जमिनीतले पुरावे याला धरूनच आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे मुकुंद काजळे यांनी उत्खननातल्या जळक्या धान्याचा अभ्यास केला. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सातवाहनांच्या काळातली तूर मिळाली, आणि अमरावती जिल्ह्यातल्या तुळजापूर गढीला त्याहून कितीतरी जुनी. म्हणजे आपल्या धाराशिवचं तेर जेव्हा रोमशी व्यापार करत होतं, तेव्हा भोकरदनच्या चुलीवर तूर शिजत होती.

पण त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट होती, जरा अस्वस्थ करणारी. रानतुरीतून गावठी तूर झाली तेव्हा विविधता घटली. गावठीतून सुधारित वाण झाले तेव्हा ती आणखी घटली. आपण चांगलं तेवढं निवडत गेलो आणि बाकीचं मागं सुटत गेलं. त्या बाकीच्यात काय होतं, हे आता रानतुरीत आणि जुन्या गावठी बियाण्यातच शोधावं लागतं. इक्रिसॅटच्या बीजपेढीत तुरीचे १३ हजारांहून जास्त नमुने ठेवलेत ते याचसाठी.

आणि तो २०१७ चा उन्हाळा आठवतोय का? २०१५ मध्ये तूरडाळ २०० रुपये किलोवर गेली होती. म्हणून २०१६ च्या खरिपात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊस बरा झाला, पीक उदंड आलं. हमीभाव बोनससकट ५,०५० रुपये क्विंटल आणि बाजारात त्याहून बराच कमी. महाराष्ट्रभर खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपलेला. आमचे काका दोन रात्री पोत्यांवर झोपले होते. त्याच दिवसांत जगातल्या एका मोठ्या नियतकालिकात तुरीचे २९२ जीनोम छापून येत होते. ते शास्त्रज्ञ चुकले असं मी म्हणत नाही. पण तुरीच्या शेतकऱ्याला बुडवणाऱ्या दोन गोष्टी आहेत, रोग आणि भाव, आणि त्यातली एकच डीएनएमध्ये लिहिलेली आहे.

आता पुन्हा त्या बुरशीकडं. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मऊ इथल्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संस्थेच्या लोकांनी फ्युजेरियम उडमचाही जीनोम वाचून प्रसिद्ध केला. बटलरनं नाव दिल्यावर १०८ वर्षांनी. हे महत्त्वाचं का? कारण बुरशी एकाच जागी थांबत नाही. तिचे वेगवेगळे प्रकार आहेत, एका भागात टिकणारा वाण दुसऱ्या भागात मरतो. एकच वाण हजारो एकरांवर वर्षानुवर्षं लावला, की त्याला फोडू शकणारी बुरशी तेवढी वाढत जाते, आणि एक दिवस ती आपल्या हातावर तुरी देऊन निघून जाते. २०२२ च्या खरिपात कलबुर्गीत मर रोगानं इतकी तूर गेली की कर्नाटक सरकारला खास भरपाई जाहीर करावी लागली. आमच्या बांधावरून ते रान फार लांब नाही.

हे सगळं मी काकांना सांगितलं. अर्थात इतकं नाही, कडबाकुट्टीपर्यंतच. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मंग ज्वारीत लावलेली तूर का उबळत नव्हती?”

मी गप्प झालो, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. आजोबांच्या वेळी या रानात खरिपाची ज्वारी असायची आणि तिच्यात तुरीची तासं. इक्रिसॅटनं १९८० च्या दशकात याचे प्रयोग केले होते, आणि ज्वारीसोबतच्या तुरीत मर रोग नुसत्या तुरीपेक्षा खूपच कमी निघाला होता. मग खरिपाची ज्वारी गेली, सोयाबीन आलं. सोयाबीननं पैसे दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्वारीच्या मुळांनी जी राखण केली होती तिचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. तो कुठल्याही एका पिकाच्या जीनोममध्ये सापडणारही नाही, कारण तो दोन पिकांच्या आणि मातीच्या मधला आहे.

तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले असाल आणि तुमच्याही रानात असा पट्टा असेल, तर त्यात तीन-चार वर्षं तूर घेऊ नका, धसकटं तिथंच सोडू नका, आणि बियाणं घेताना दुकानदाराला नुसतं “चांगलं द्या” न म्हणता मर आणि वांझ दोन्हीला चालणारा वाण मागा. बदनापूरची ‘गोदावरी’ सध्या बऱ्याच जणांच्या तोंडी आहे. लवकर येणारी हवी असेल तर बीडीएन ७११ आहे.

संध्याकाळी निघताना काकूनं गाडीत डाळीची पिशवी ठेवली, आणि वर एक छोटं गाठोडं. त्यात बारीक, ठिपक्यांची, काळसर तूर होती. मी म्हटलं, ही कुठली? तर म्हणाली, “आत्यांच्या माहेरची हाय. डाळ लई निघत नाही, पर शेंगा उकडून खायला ग्वाड. बांधाला दोन झाडं असत्यात, इकायला नाही.” आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, माझी आजी. आजीचं माहेर आळंदचं, म्हणजे हद्दीच्या पलीकडचं.

किती वर्षं झाली बी धरतेस, विचारलं. ती म्हणाली, “मी आल्यापासनं तर हायच.”

ते गाठोडं सध्या माझ्या फ्रिजमध्ये आहे. अर्धं परत पाठवणार आहे, जून लागायच्या आत. काकांनी कबूल केलंय, त्या उबळलेल्या पट्ट्याच्या कडेला दोन तासं लावून बघू म्हणून. मधे ज्वारी टाकून.

पुढच्या येळवशीला फोटो टाकतो. भेटू पुढच्या भागात.